३०० ओहम की ३७ ओहम: कोणत्या हेडफोनला किती ॲम्प लागतो?

सेनहायझर एचडी ६०० घ्यायचा की हायफायमॅन सुंदरा, हे ठरवताना नजर आधी ओहमच्या आकड्यावर, म्हणजे हेडफोनच्या विद्युत अडथळ्यावर (इम्पीडन्सवर) जाते. ३०० ओहमचा म्हणजे जड, त्याला ॲम्प, म्हणजे आवाजाचा विद्युत संकेत वाढवणारं यंत्र, हवाच. ३७ ओहमचा म्हणजे हलका, तो फोनवर चालून जाईल. हा हिशोब अर्धवट आहे आणि त्यापायी पैसे नको तिथे जातात. प्रत्यक्षात तितकाच आवाज काढायला सुंदराला एचडी ६००च्या दुप्पट पॉवर लागते.

कारण हेडफोन किती मोठ्याने वाजेल हे ओहम सांगत नाही, सेन्सिटिव्हिटी सांगते: १ मिलिवॅट दिला की किती डेसिबल. एचडी ६००चा आकडा ९७, सुंदराचा ९४. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट पॉवर, दहाचा फरक म्हणजे दहापट. इथे एक खाचखळगा आहे. काही ठिकाणी हा आकडा १ मिलिवॅटऐवजी १ व्होल्टला दिलेला असतो. एचडी ६००च्या भावंडाचा, एचडी ६५०चा, १०३ डेसिबल हा आकडा तसाच आहे. तो पाहून एचडी ६५० बराच जोरात वाजत असेल असं वाटतं, पण मिलिवॅटवर आणलं तर दोघे जवळजवळ सारखे आहेत.

ओहमचं काम पुढे सुरू होतं. ती पॉवर व्होल्टेजच्या रूपात मागितली जाणार की करंटच्या, हे तो ठरवतो. चार हेडफोन शेजारी ठेवून पाहू. सगळ्यांचं लक्ष्य एकच, ११० डेसिबलची शिखरं:

| हेडफोन | ओहम | डेसिबल (१ मिलिवॅटला) | लागणारी पॉवर | व्होल्टेज | करंट |
|---|---|---|---|---|---|
| ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स | ३८ | ९९ | १३ मिलिवॅट | ०.७ व्होल्ट | १८ मिलिॲम्पिअर |
| सेनहायझर एचडी ६०० | ३०० | ९७ | २० मिलिवॅट | २.४ व्होल्ट | ८ मिलिॲम्पिअर |
| हायफायमॅन सुंदरा | ३७ | ९४ | ४० मिलिवॅट | १.२ व्होल्ट | ३३ मिलिॲम्पिअर |
| हायफायमॅन एचई६ | ५० | ८३.५ | ४५० मिलिवॅट | ४.७ व्होल्ट | ९५ मिलिॲम्पिअर |

११० डेसिबल म्हणजे कानठळ्या बसवणारा आवाज, आणि तेवढ्यावर गाणी ऐकत बसायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. ती मनापासून पाळा. पण सरासरी ७५ डेसिबलवर ऐकत असलात तरी ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये आलाप हळू असतो, तानपुरा त्याहून हळू, आणि तबल्याची थाप क्षणभर वीस-पंचवीस डेसिबल वर जाते. ती थाप न चेपता यावी म्हणून ही शिल्लक. हल्लीची चित्रपटगीतं मुळातच जोरात मास्टर केलेली असतात, त्यांना इतकी लागत नाही. म्हणून एकाच हेडफोनबद्दल दोन माणसं दोन मतं देतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

आता ॲम्पकडे. ॲपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल, म्हणजे फोनला हेडफोन जोडायचा अडॅप्टर, साधारण १ व्होल्ट देतो. त्यावर एम५०एक्स ११३ डेसिबलपर्यंत जातो, सुंदरा १०८पर्यंत, एचडी ६०० मात्र १०२वर थांबतो. म्हणजे जास्त पॉवर मागणारा सुंदरा या डोंगलवर अधिक मोठ्याने वाजतो, कारण एचडी ६००ला इथे कमी पडतं ते व्होल्टेज. चित्रपटगीतांना १०२ पुरतात. जुनी, हळू आवाजात भरलेली मैफल लावली की आवाजाची पट्टी शेवटाला टेकते. अनेक अँड्रॉइड फोनवर तर हा डोंगल पूर्ण क्षमतेने उघडतच नाही. त्यासाठी यूएसबी थेट हाताळणारं ॲप लागतं. आणि तो युरोपातल्या नातेवाइकांकडून मागवू नका, तिकडच्या आवृत्तीला अर्ध्या व्होल्टची मर्यादा आहे.

२ व्होल्टचा डोंगल घेतला की एचडी ६०० १०८ डेसिबलला पोचतो. माझ्या मते निव्वळ ऐकणाऱ्यासाठी त्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

टेबलावरचा ॲम्प निवडताना जाहिरातीतला आकडा उलगडून पाहावा लागतो. ‘३२ ओहमला १ वॅट’ म्हणजे सुमारे ५.७ व्होल्ट आणि १७७ मिलिॲम्पिअर. हाच ॲम्प ३०० ओहमला १०७ मिलिवॅटच देतो, कारण व्होल्टेज तेवढंच राहतं. हा दोष नाही, एचडी ६००ला लागतात वीस. ज्याच्यासाठी लोक स्पीकरचा ॲम्प जोडतात तो एचई६सुद्धा कागदावर या १ वॅटमध्ये बसतो, फक्त वर फारशी जागा उरत नाही.

ही वरची जागा खरी कामी येते ती ईक्यू, म्हणजे खर्ज किंवा वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय, वापरताना. सुंदराचा खालचा खर्ज ६ डेसिबलने उचलला तर त्या पट्टीत चौपट पॉवर आणि दुप्पट व्होल्टेज लागतं: १६० मिलिवॅट, ६६ मिलिॲम्पिअर. १ व्होल्टचा डोंगल इथे संपतो. एचडी ६००वर तोच प्रयोग केला तर ४.९ व्होल्ट. ईक्यू करणार असाल तर दोघांनाही टेबलावरचा ॲम्प घ्या, यात मला शंका नाही.

ट्यूब ॲम्पचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पचा, मोह असेल तर निवड उलटी फिरते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब ॲम्पचा स्वतःचा इम्पीडन्स बराच असतो. बॉटलहेड क्रॅक या अशाच ॲम्पचा सुमारे १२० ओहम. त्याला एचडी ६०० शोभतो, खर्ज किंचित फुगतो आणि अनेकांना तो ऊबदारपणा आवडतो. सुंदरा जोडला तर जेमतेम चौथाई व्होल्टेज हेडफोनपर्यंत पोचतं. तिथे ३७ ओहमचा ‘हलका’ हेडफोनच अवघड ठरतो.

पॉवर जास्त असली की आवाज ‘खुलतो’, असं खूप ऐकू येतं. ॲम्प चेपत नसेल, त्याचा आउटपुट इम्पीडन्स एक-दोन ओहमच्या आत असेल आणि दोन्हीकडे आवाजाची पातळी मोजून सारखी ठेवली, तर चांगल्या ॲम्पमधला फरक ओळखणं फार कठीण आहे. अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा ॲम्पसुद्धा अधिक छान वाटतो. इअरफोनवाल्यांना तर जादा पॉवर नडतेच: मागे हिस्स ऐकू येतो, आणि बटण जेमतेम फिरवलेलं असताना डावा-उजवा आवाज सारखा राहत नाही. त्यांनी लो गेनचा, म्हणजे आवाजाची वाढ कमी करणारा, खटका असलेलाच ॲम्प पाहावा.

तेव्हा एचडी ६०० आणि सुंदरा यांतली निवड आधी कानाने करा: माणसाचा आवाज आणि तंतुवाद्यं जवळची वाटत असतील तर एचडी ६००, पखवाजाचा खोल खर्ज हवा असेल तर सुंदरा. मग आपल्याकडचं सर्वांत हळू रेकॉर्डिंग आहे त्या डोंगलवर लावा आणि पट्टी वर न्या. ती तीन-चतुर्थांशावर असतानाच पुरेसं ऐकू आलं आणि थाप फाटली नाही, तर ॲम्पचे पैसे हेडफोनमध्येच घाला.