वेबसॉकेट प्रॉक्सीतून न्यायचं: कनेक्ट की सॉक्स५?

कोथरूडला घरी रात्री व्यवस्थित चाललेला, वेबसॉकेटनं (सर्व्हरशी सतत उघडं राहणारं दुतर्फी कनेक्शन) आकडे आणणारा कोड सोमवारी हिंजवडीत ऑफिसच्या नेटवर्कवर चालवला आणि थेट टाइमआउट. ब्राउझरमध्ये तेच पान सुरळीत उघडतंय, आकडेही हलतायत. ब्राउझर सिस्टिमची प्रॉक्सीची (बाहेर नेणाऱ्या मधल्या सर्व्हरची) सेटिंग आपणहून वाचतो; माझी नोडची (ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टची) स्क्रिप्ट वाचत नव्हती, एवढाच फरक. म्हणजे प्रॉक्सी कोडमध्ये हातानं जोडायची. ती कनेक्टनं (एचटीटीपीतली बोगदा मागणारी विनंती) जोडायची की सॉक्स५ नं (प्रॉक्सीशी बोलायची वेगळी पद्धत), हे ठरवायला मी एक अख्खी दुपार घालवली. तुमची वाचावी म्हणून हे.

कनेक्टचं काम सरळ आहे. क्लायंट प्रॉक्सीला सांगतो, मला अमुक होस्टच्या ४४३ पोर्टला जोडून दे. प्रॉक्सीनं २०० (होकाराचा कोड) दिलं की तिचं बोलणं संपलं, पुढे ती फक्त बाइट इकडचे तिकडे करते. त्या बोगद्यातून आधी टीएलएस (एन्क्रिप्शन), मग वेबसॉकेटची अपग्रेडची विनंती, आणि समोरून १०१ आलं की जोडलं गेलं. हा क्रम डोक्यात पक्का असला की चूक कुठे आहे ते लगेच कळतं. ४०७ आला, तर प्रॉक्सीला युजरनेम-पासवर्ड हवाय. सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधून काही मिळणार नाही, तिथवर विनंती पोचलेलीच नसते. २०० आलं पण १०१ नाही, तर मात्र लगेच प्रॉक्सीला दोष देऊ नका.

२०११ च्या वेबसॉकेट मानकातही (आरएफसी ६४५५) एचटीटीपी प्रॉक्सी असेल तर कनेक्टचंच उदाहरण दिलं आहे, साध्या डब्ल्यूएससाठीसुद्धा (एन्क्रिप्शनविना, ८० पोर्टवरचं वेबसॉकेट). प्रत्यक्षात डब्ल्यूएसएसच (टीएलएसवालं, ४४३ वरचं) घ्या. स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये कनेक्टला ४४३ सोडून बाकी पोर्ट बंद असतात.

सॉक्स५ १९९६ चं, एचटीटीपीशी त्याला देणंघेणं नाही. कुठलंही टीसीपी कनेक्शन ते पुढे नेतं. ऑफिसात अशी प्रॉक्सी सहसा नसते, पण एखाद्या सर्व्हरवर एसएसएच (दुरून सुरक्षित) लॉगिन असेल तर ‘डी’ हा पर्याय देऊन १०८० पोर्टवर स्वतःचं सॉक्स दोन मिनिटांत उभं राहतं. माझ्या मते त्याची खरी जागा तिथेच. एक खाच मात्र आहे: पत्त्यात ‘सॉक्स५’ लिहिलं तर बऱ्याच लायब्ररी होस्टचं नाव आपल्याच मशीनवर सोडवतात, ‘सॉक्स५एच’ लिहिलं तर ते काम प्रॉक्सीकडे जातं. अंतर्गत नावं सापडत नसतील तर आधी तो ‘एच’ बघा.

लायब्ररीनं निम्मा निर्णय होतो. पायथॉनची ‘वेबसॉकेट्स’ १५ व्या आवृत्तीपासून सिस्टिमची प्रॉक्सी आपणहून उचलते. सॉक्ससाठी वेगळं पॅकेज टाकावं लागतं. गो भाषेत ‘गोरिला’ या वेबसॉकेट लायब्ररीचा डीफॉल्ट डायलर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचतो. नोडच्या ‘डब्ल्यूएस’ लायब्ररीला मात्र एजंट (कनेक्शन जोडून देणारा ऑब्जेक्ट) हातात द्यावा लागतो, आणि माझी दुपार तिथेच गेली. ‘एचटीटीपी-प्रॉक्सी-एजंट’ नको, ‘एचटीटीपीएस-प्रॉक्सी-एजंट’ हवा, जरी प्रॉक्सीचा पत्ता साध्या एचटीटीपीचा असला तरी. कनेक्ट दुसराच करतो. नावं कुणी ठेवली देव जाणे.

काही ऑफिसांच्या प्रॉक्सी मात्र कात्रजचा घाट दाखवतात: बोगदा देतो म्हणतात आणि मध्येच टीएलएस उघडून स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतात. मग सर्टिफिकेट सेल्फ-साइन्ड (स्वतःच सही केलेलं) असल्याची तक्रार येते. सर्टिफिकेटची तपासणी बंद करून टाकणारे पुष्कळ, कृपा करून ते करू नका. आयटीकडून रूट सर्टिफिकेट मागा आणि नोडला ‘नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स’मधून द्या. सॉक्सनं हा त्रास सहसा होत नाही.

तर ऑफिसची प्रॉक्सी असेल तर कनेक्ट, स्वतःचं एसएसएच असेल तर सॉक्स५. आणि काहीही घेतलंत तरी पिंग (कनेक्शन जागं ठेवणारा छोटा संदेश) चालू ठेवा. माझं कनेक्शन जोडलं गेलं, मी खाली टपरीवर चहाला गेलो, परत आलो तर तुटलेलं. प्रॉक्सीनं गप्प बसलेलं कनेक्शन बंद करून टाकलं होतं. दर ३० सेकंदांनी पिंग पाठवायला लागल्यापासून चहा निवांत होतो.