पेनसिल्व्हेनियात मतदार नोंदणी: पक्ष लिहायचा की 'नो अफिलिएशन'?

नुकतीच सिटिझनशिप मिळालेले ओळखीचे बरेच जण हेच विचारतात म्हणून लिहितोय. फॉर्मवर पक्षाचा रकाना आला की हात थांबतो, माझाही थांबला होता.

राज्य नक्की कुणाचं हे सांगणं अवघडच आहे, 2016 ला ट्रम्प साधारण 44 हजारांनी, 2020 ला बायडन 80 हजारांनी, 2024 ला परत ट्रम्प 1 लाख 20 हजारांनी, आणि मधे 2022 ला डेमोक्रॅट शापिरो गव्हर्नर म्हणून आरामात निवडून आले. आमच्या बक्स काउंटीत तर 2024 ला ट्रम्पना 300 मतांचीही आघाडी नव्हती. अशा ठिकाणी कशाला शिक्का मारून घ्यायचा म्हणून मी 'नो अफिलिएशन'वर, म्हणजे कुठलाच पक्ष नाही यावर, खूण केली होती. त्यात चूक काहीच नाही, मतदार यादीत पक्ष दिसतो आणि कुणाला ते नको असतं, आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत काय, कुणालाही मत देता येतंच.

पण मे 2021 ची प्रायमरी आली, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवायची निवडणूक, जिच्यात इथे त्या त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच उमेदवार निवडता येतात, आणि माझं मत बदललं. सकाळी ऑफिसच्या आधी मी आणि बायको दोघं गेलो, टेबलावरच्या बाईंनी वहीत नाव शोधलं आणि मला जो बॅलट दिला त्यावर फक्त 4 प्रश्न, राज्यघटनेतल्या दुरुस्त्या वगैरे, माणसाचं नाव एकही नाही. बायको डेमोक्रॅट म्हणून रजिस्टर्ड, तिच्याकडे स्कूल बोर्डाची सगळी नावं. मुलगी तेव्हा पाचवीत, शाळा, मास्क यावरून एवढी भांडणं चाललेली, आणि मला त्यात बोलायचीच सोय नाही. स्कूल बोर्डाचे उमेदवार इथे दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत उभे राहू शकतात, दोन्हीकडे जिंकले की नोव्हेंबरात निवडायला उरतं काय? ते फार लागलं मनाला.

मग पक्ष लिहिला. पत्रकं आणि फोन वाढले हे खरं, निवडणुकीच्या आधी पोस्टाची पेटी भरलेली असते, पण तेवढं चालतं मला. कुठला पक्ष ते ज्याचं त्यानं बघावं, तरी माझ्या मते आपल्या भागात खरी लढत ज्यांच्या प्रायमरीत होते तो घ्यावा. फिलाडेल्फियात 1952 पासून मेयर डेमोक्रॅटच आहे, म्हणजे तिथे मे मधेच ठरतं, लँकेस्टरकडच्या गावांमधे बऱ्याचदा तसंच रिपब्लिकन प्रायमरीत.

नंतर पटलं नाही तर प्रायमरीच्या 15 दिवस आधीपर्यंत ऑनलाइन बदलता येतो, मला दहा मिनिटंही लागली नव्हती.