कोल्हा काकडीला राजी: टेल्ससोबत आठ महिने

आमच्या व्हिडिओ गेमचा दुसरा रिमोट निदान दोन आठवडे बिघडलेला होता आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याचं उजवं बटण मेलं होतं. म्हणजे टेल्सला, गेममधल्या दोन शेपट्यांच्या कोल्ह्याला, पुढे जाता येत नव्हतं, नुसत्या जागच्या जागी उड्या. आणि आई रोज चहानंतर तासभर तोच रिमोट घेऊन बसायची आणि म्हणायची, "आज बरा पळतोय."

असं कसं झालं ते सांगतो. 'सॉनिक २' या गेममध्ये पहिल्या रिमोटवर नायक सॉनिक पळतो, दुसऱ्यावर त्याचा जोडीदार टेल्स. टेल्स मागे राहून पडद्याबाहेर गेला की थोड्या वेळात दोन शेपट्यांचा पंखा करून वरून उडत परत येतो. शिवाय दुसऱ्या रिमोटवर १० सेकंद कुणी काही दाबलं नाही, तर मशीनच त्याला चालवायला घेतं. आई एक उडी मारणार, मग चष्मा पुसणार, मग कुकरची शिट्टी दुसरी की तिसरी यावर आतल्या खोलीशी वाद घालणार. तोवर मशीनने टेल्सला पुढे नेलेलं असायचं. बिघडलेला रिमोट असा पोटात घालणारं पात्र मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये पाहिलं नाही. आता हे कौतुक समजायचं की तक्रार, यावर माझं मत आठ महिन्यांत तीनदा बदललंय.

मशीन जूनमध्ये घेतलं. सेकंडहँड मेगा ड्राइव्ह, दोन रिमोट आणि 'सॉनिक २'ची कॅसेट, सगळं मिळून ३,२०० रुपये. कोपरीतल्या एका मुलाकडून. तो ४,००० म्हणत होता, मी कॅसेटवरचं फाटलेलं स्टिकर दाखवून खाली आणलं. शाळेत असताना आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांकडे ८ बिटवाला टीव्ही गेम. सॉनिक एकाच पोराकडे, कारण त्याचे काका दुबईला. त्याच्या घरी आम्ही पाच जण रांगेत बसायचो आणि नंबर लागेपर्यंत त्याची आई हाक मारायची. तो हिशेब चुकता करायला हे मशीन. बायको म्हणाली, हे फोनवर फुकट मिळतं. मिळतं खरं. मोबाइलसाठी २०१३ मध्ये जी आवृत्ती काढली, तिच्यात तर टेल्सला तुमच्या हुकमाने उडताही येतं. पण काचेवर अंगठा घासून मला सॉनिक खेळायचा नव्हता.

पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर टेल्सला मी पाचातला एक स्टार दिला असता, तोही शेपटीसाठी. कारण एकच: स्पेशल स्टेज.

ज्यांनी खेळलंय त्यांच्या पोटात हा शब्द ऐकूनच गोळा आला असेल. वाटेतल्या ५० सोनेरी रिंगा जमवायच्या, खांबावरच्या ताऱ्यांत उडी मारायची, मग त्या अर्ध्या कापलेल्या पाइपातून पळत रिंगा गोळा करायच्या आणि रत्न मिळवायचं. अशी सात रत्नं. टेल्स तुमच्या मागे असतो आणि तुम्ही जे केलं तेच किंचित उशिरा करतो. तुम्ही डावीकडे झुकून बॉम्ब चुकवता. तो अजून उजवीकडेच असतो. धाड! १० रिंगा गेल्या. त्या त्याच्या खात्यातल्या, मान्य, पण बेरीज दोघांची धरतात. आणि खरा संताप पुढे आहे. पहिल्याच स्टेजच्या पहिल्या टप्प्यावर एकटा सॉनिक असेल तर ३० रिंगा पुरतात, जोडी असेल तर ४० लागतात! म्हणजे घरात माणूस वाढला म्हणून सोसायटीने पाण्याचे पैसे वाढवायचे आणि त्या माणसाने नळ उघडा टाकून झोपायचं. मी वहीत लिहून ठेवलं होतं, कुठल्या स्टेजला याने किती घालवल्या. बायकोने ती वही पाहिली आणि काही बोलली नाही, फक्त दुधाच्या हिशेबाची म्हणून घेऊन गेली.

यावर उपाय गेममध्येच आहे. ऑप्शन्समध्ये जाऊन 'सॉनिक एकटा' निवडायचं. जुलैपर्यंत मी तेच करत होतो आणि सगळ्यांना तेच सांगत होतो.

जुलैच्या शेवटी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती साताऱ्याहून आमच्याकडे वर्तकनगरला आली. डॉक्टरांचं म्हणणं, खुर्चीत बसा, मधूनमधून उठून चाला, कंटाळू नका. पहिल्या दोन गोष्टी जमल्या. एके दिवशी मी ऑप्शन बदलायला विसरलो आणि टेल्स मागून पळायला लागला.

"हे दुसरं कोण चालवतंय?"

"कुणी नाही आई. आपोआप येतं."

"मग दे की इकडे. नुसतंच पळतंय बिचारं."

तिने रिमोट उलटसुलट पाहिला. तीन बटणं. "यातलं कुठलं दाबू?" मी म्हटलं, "कुठलंही." खरंच, ए, बी, सी तिन्ही बटणांनी एकच उडी. आईला यंत्राबद्दल इतकं सोपं उत्तर मी गेल्या दहा वर्षांत दिलेलं नाही. यूपीआय शिकवताना आमच्यात दोन दिवस अबोला होता.

पाच मिनिटांत शेपट्या (हे तिने ठेवलेलं नाव) खड्ड्यात पडला.

"गेला?"

"येईल परत."

"असा किती वेळा येतो?"

"कितीही वेळा."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग खाली कोपऱ्यातल्या सॉनिकच्या तीन लाइफकडे. "मग तुझ्यापेक्षा हाच बरा."

त्यानंतर मला या पात्राची रचना कळायला लागली. कॅसेटवर १९९२ चा गेम आहे. ज्याला खेळता येत नाही अशा माणसाच्या हातात दुसरा रिमोट द्यायचा आणि त्याच्या चुकीची किंमत कुणालाच मोजावी लागू नये, अशी सोय त्यात करून ठेवलीय. टेल्सला काटा लागला तरी सॉनिकच्या रिंगा जात नाहीत. टेल्सने गोळा केलेल्या रिंगा मात्र सॉनिकच्या खात्यात जमा होतात. हे आईला दोन दिवसांनी कळलं.

"म्हणजे बांगड्या मी गोळा करायच्या आणि खातं याच्या नावावर?"

"हो."

"आणि शेपट्याला काय?"

"काही नाही."

"कोल्हा काकडीला राजी," ती म्हणाली आणि पुढच्या बांगड्यांकडे उडी मारली.

एगमन हा गेमचा खलनायक. त्याला हरवायला आठ टोले लागतात. एमराल्ड हिल या पहिल्या लेव्हलमध्ये त्यातले पाच आईचे होते. तिची युद्धनीती साधी आहे: "मी समोर उभी राहते, तू मागून मार." तिला चुकवायची गरजच नाही. मी मात्र रिंगा सांभाळत, घाम पुसत. केमिकल प्लांट या पुढच्या लेव्हलच्या दुसऱ्या भागात पाणी चढतं आणि बुडायच्या आधीचं ते जीव घेणारं संगीत वाजायला लागतं, तेव्हा ती शांतपणे सांगते, "तू जा वर, मी येते मागनं." तीही बुडते. आणि येते.

आमचं मशीन ५० हर्ट्झचं पाल आहे, म्हणजे युरोप-भारताकडच्या टीव्हीसाठीचं, त्यामुळे गेम मुळापेक्षा थोडा संथ चालतो. शौकीन लोक याला नाकं मुरडतात. सत्तरीच्या बाईसाठी संथच बरा. पडदा दुभागून शर्यत लावायचा दोघांचा वेगळा प्रकारही आहे, तो एकदाच लावला. आई म्हणाली, "तुझ्याशी कसली शर्यत लावायची?" विषय संपला.

तर एक स्टारचे साडेतीन झाले. स्पेशल स्टेजला आई मशीनपेक्षाही जास्त बॉम्ब खाते, पण आता वही नाही. (राग आहेच. चौथं रत्न अजून मिळालेलं नाही.)

रिमोटचा बिघाड मग असा उघडा पडला की आईला एगमनच्या अंगावर जायचं होतं आणि शेपट्या हलेना. मी तो स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. चेकिंग चार्ज १५० रुपये, आधी. तीन दिवसांनी या. ऐरोलीहून सुटून गर्दीतून उतरून गेलो, तर दुकान बंद. चौथ्या दिवशी उत्तर मिळालं की आतलं रबर झिजलंय, तसलं रबर येत नाही, नवीन रिमोट घ्या. कितीला? १,४०० ची जोडी.

मी म्हटलं, पहिला उत्तम चाललाय, मला एकच हवा.

"सर, सिंगल येत नाही."

"तुम्ही जोडी फोडा ना."

"फोडली तर दुसरा कोण घेणार?"

यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. १५० परत मागितले, ते 'उघडण्याचे' होते म्हणे. घरी येऊन पाहिलं तर मागचा एक स्क्रूही कमी. म्हणजे उघडला होता, एवढा पुरावा मिळाला.

दुरुस्ती अखेर आईने केली. या रिमोटात विशेष काही नसतं. बटणाखाली रबर, रबराच्या बुडाला काळा कार्बन, तो खालच्या पट्टीवर टेकला की संपर्क होतो. कार्बन झिजला की बटण मेलं. साताऱ्याच्या घरचा टीव्हीचा रिमोट ती वर्षानुवर्षं असाच चालवतेय: चॉकलेटच्या कागदातली चांदी, बटणाएवढा तुकडा, फेव्हिक्विकचा बारीक थेंब. पट्टी मी खोडरबराने घासून घेतली. खर्च पाच रुपये, चॉकलेट मी खाल्लं.

रिमोट सुधारला आणि मग आईने टेल्सची माझ्यापेक्षा मोठी खोट शोधून काढली. स्काय चेस या लेव्हलला पोचलो. टेल्स विमान चालवतो, सॉनिक वर उभा. आई बटणं दाबतेय, काही होत नाही. तिथून शेवटपर्यंत दुसऱ्या रिमोटला कामच नाही. पुढे विंग फोर्ट्रेस या उडत्या किल्ल्याच्या तोंडाशी विमानाला लेसर लागतो, सॉनिक किल्ल्यावर उडी मारतो आणि विमान टेल्ससकट धूर सोडत खाली जातं.

"आता?"

"आता माझं एकट्याचं आहे."

"इतका वेळ टोले खायला मी होते ना?"

किल्ल्याच्या शेवटी तो विमान घेऊन परत येतो, तेव्हा ती खुर्चीत सरसावून बसली. पण परत आला तो फक्त सॉनिकला पोचवायला. डेथ एग या शेवटच्या लेव्हलमध्ये एकही रिंग नाही, एकामागून एक दोन यंत्रं. मी तिथे अकरा वेळा मेलो. आईने रिमोट खाली ठेवला नाही. बटणं दाबतच होती. मध्येच वीज गेली आणि या कॅसेटमध्ये सेव्ह नसल्यामुळे सगळं पहिल्यापासून. ऑप्शन्समधल्या साऊंड टेस्टमध्ये, म्हणजे गेमचे आवाज ऐकायच्या यादीत, १९, ६५, ०९, १७ वाजवलं की हवी ती लेव्हल निवडता येते, ही गेमचा प्रोग्रामर युजी नाका याची जन्मतारीख. मी ती युक्ती सुचवली तर आई म्हणाली, "नको. त्यात शेपट्या नसतो शेवटी."

दिवाळीला खारघरचा भाचा आला. त्याने २०१७ च्या 'सॉनिक फोर्सेस'मधला टेल्स दाखवला, शत्रूसमोर डोकं धरून सॉनिकच्या नावाने ओरडणारा. याच टेल्सने १९९८ च्या 'सॉनिक अॅडव्हेंचर'मध्ये एगमनला एकट्याने अडवलं होतं. एखाद्याला वीस वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा ट्रेनी करावं तसं केलंय. आई म्हणाली, "हा आपला नव्हे." मीही तेच म्हणतो. मूळ चित्र यासुशी यामागुचीचं, नाव माइल्स प्रॉवर, म्हणजे 'मैल दर ताशी'वरचा इंग्रजी श्लेष. आईला तो समजावून सांगितला. तिला शेपट्याच आवडतं.

पण भाच्याने एक घोळ करून ठेवला. पुढच्या भागात टेल्सला स्वतः उडता येतं आणि सॉनिकला उचलूनही नेता येतं, हे तो आजीला सांगून गेला. परत येताना शेपट्या उडतो तर मला उडवायचं बटण का नाही, हे ती ऑगस्टपासून विचारत होती आणि मी टाळत होतो. 'सॉनिक ३'ची कॅसेट १,१०० ला मिळाली, त्यातले ५०० आईने पेन्शनमधून दिले. "माझं बटण आहे त्यात."

१९९४ चा गेम. पैसे वसूल, हे मी सहज म्हणत नाही. सेव्ह होतं, म्हणजे वीज गेली तरी चालेल. आणि स्पेशल स्टेज! निळ्या गोळ्यांची, नवीन. टेल्स सॉनिकच्या मागे गुपचूप पळतो आणि काहीही घालवत नाही. म्हणजे माझी वही गेम बनवणाऱ्यांनाही कुणीतरी दाखवली असणार. साडेतीनाचे साडेचार केले असते.

पण गेल्या रविवारी आईने मला उचललं. खाली दरी. टेल्सला आठ सेकंद उडता येतं, मग दमतो.

"ने ना पुढे."

"दाबतेय रे."

"उजवं दाब."

"उजवंच दाबतेय!"

दोघं हवेत एकाच जागी लटकलेलो. चांदी निघाली होती. गेल्या वेळी हे कळायला दोन आठवडे लागले होते, या वेळी आठ सेकंद. टेल्सची जीभ बाहेर आली आणि दोघं खाली.

आईने खालच्या कोपऱ्यात पाहिलं. "तुझी एक गेली का?" आणि मग चॉकलेट आणायला उठली, काठीशिवाय.