आडतीचं सॉफ्टवेअर: मोनोलिथ की मायक्रोसर्व्हिसेस?

लातूरच्या आडतीत पट्टी (शेतमाल विक्रीच्या हिशोबाची पावती) करताना हमाली, तोलाई वजा होते आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर पडते. मोनोलिथमध्ये, म्हणजे सगळी कामं एकाच प्रोग्रॅममध्ये असताना, हे सगळं एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये उरकतं. झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. मायक्रोसर्व्हिसेसमध्ये प्रत्येक कामाचा छोटा, स्वतंत्र प्रोग्रॅम: पट्टी वेगळी, हिशोब वेगळा, आणि ते नेटवर्कवरून एकमेकांना कॉल करतात. मधला एक कॉल फसला की पट्टी हातात, पण खातं कोरं, आणि शेतकरी काउंटरपाशी ताटकळत उभा. ते निस्तरायला सागा (मध्येच फसलं तर आधीच्या पायऱ्या उलटवणं), मेसेजच्या रांगा, ट्रेसिंग (कॉल कुठे अडकला याचा माग) आलंच.

सोयाबीनच्या हंगामात फक्त सौद्याची सर्व्हिस कुबरनेटिसवर (सर्व्हिसच्या प्रती चालवणारी, कमी-जास्त करणारी प्रणाली) वाढवता येते, हा फायदा खराच. पण ॲमेझॉन प्राइम व्हिडिओच्या टीमनेही २०२३ मध्ये विखुरलेली देखरेख यंत्रणा एकत्र आणून खर्च ९० टक्क्यांनी घटल्याचं सांगितलं. चार जणांच्या टीमला मी मोनोलिथच सांगेन. आतले कप्पे मात्र पहिल्या दिवसापासून नीट पाडा.