मुक्काम वाईत करावा की पाचगणीत?

पुण्याहून शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्रीपर्यंत घरी परतायचे असेल, तर ही दोन्ही गावे सारखीच सोयीची वाटतात, कारण रस्ता एकच आहे. सातारा महामार्गावरून सुरूरला वळले की वाई लागते आणि तिथून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. मधले अंतर जेमतेम बारा किलोमीटरचे असल्यामुळे राहावे कुठेही, पाहावे दोन्हीकडचे, असे बहुतेकजण सुचवतात. मी दोन्ही ठिकाणी मुक्काम केला आहे आणि मला हे म्हणणे पुरते पटलेले नाही.

पाचगणीचे पारडे हवेच्या बाबतीत निःसंशय जड आहे. सुमारे तेराशे मीटर उंचीवरच्या या गावात एप्रिल-मेमध्येही संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते, आणि त्याच वेळी खाली वाईत दुपारची दोन तास खोलीबाहेर पडवत नाही. सिल्व्हर ओकच्या रांगा, जुन्या निवासी शाळांच्या दगडी इमारती आणि टेबललँडचे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार यांची सर वाईला नाही. सिडनी पॉइंटवरून धोम धरणाचे पाणी आणि कृष्णाकाठची वाई एका दृष्टिक्षेपात दिसते, तो देखावा मला आजही तितकाच प्रिय आहे. लहान मुले बरोबर असतील, तर स्ट्रॉबेरीच्या हंगामात त्यांना पाचगणीच अधिक आवडेल, हेही मान्य करायला हवे.

माझा कौल फिरला तो एकाच गोष्टीमुळे: पाचगणीत शनिवार-रविवारी गाडीतून उतरायलाच मिळत नाही. आमची राहण्याची जागा, तिथल्या अनेक जागांप्रमाणे, बाजारपेठेपासून दूर होती, त्यामुळे सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत प्रत्येक वेळी गाडी काढावी लागे. जानेवारीतल्या त्या शनिवारी टेबललँडवरून सूर्यास्त पाहून निघालो आणि एरवी दहा मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. सत्तरी ओलांडलेली माझी आई तो सगळा वेळ मागच्या आसनावर पाय आखडून बसून होती, आणि तिने तक्रार केली नाही याचेच मला अधिक वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी घाटात अडकू नये म्हणून जेवण उरकून दोनच्या आत निघालो. म्हणजे दीड दिवसाच्या सुट्टीतला अर्धा दिवस वाहतुकीचा अंदाज बांधण्यातच गेला. गर्दीचा एखादाच दिवस आमच्या वाट्याला आला असेल, असेही कोणी म्हणू शकेल. पण सुट्टी घेऊन जाणाऱ्याच्या वाट्याला बहुधा तोच दिवस येतो.

पुढच्या वर्षी आम्ही वाईत, गणपती आळीजवळ एका साध्या लॉजमध्ये उतरलो. खोल्या बेताच्याच होत्या, आणि पाचगणीसारखी बाग, गॅलरी किंवा दरीचे दर्शन हवे असेल त्याची इथे निराशा होईल. परंतु कृष्णेचा घाट चालत पाच मिनिटांवर होता. गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर आणि शेजारचे काशीविश्वेश्वराचे मंदिर पाहून झाल्यावर आई पायऱ्यांवर बसली ती दोन तास उठली नाही. गणपतीच्या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. हे तिला तिथेच धुणे वाळत घालणाऱ्या एका बाईंनी सांगितले. नदीचे पाणी काठाशी नेहमीच स्वच्छ असते असे मात्र नाही.

तिसऱ्या प्रहरी तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्यामागचा शांत घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर तिथे आलेली पोर्तुगीज घंटा एवढे सावकाश पाहायला संध्याकाळ पुरते. मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावातून चालत आले, तिथली संथ लय आळ्या-आळ्यांतून पायी हिंडताना आपोआप अंगवळणी पडते. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान गेलात, तर एखाद्या घाटावर कृष्णाबाईचा उत्सवही चालू असेल. प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा असतो.

कडक उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी पाचगणीच निवडावी. इतर ऋतूंत, विशेषतः वडीलधारी मंडळी सोबत असतील तर, मी वाईत राहायला सांगेन. टेबललँडचा मोह आवरत नसेल, तर रविवारी पहाटे साडेपाचला पसरणीचा घाट चढावा, सूर्योदय वर पाहावा आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या वर येऊ लागण्याआधी, नऊच्या सुमारास, न्याहारीला खाली वाईत परतावे.