दाविएरवालांचं शिल्प आणि लिलावगृहांचं फुकट मूल्यांकन

सॅफरनआर्ट, पंडोल्स, अस्टागुरू ही मुंबईतली लिलावगृहं घरातल्या कलाकृतीचा विक्रीसाठीचा अंदाज सांगतात, त्याचे पैसे घेत नाहीत. चित्रासाठी ही सोय उत्तम. आदी दाविएरवाला (१९२२–१९७५) किंवा पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांच्या अमूर्त शिल्पासाठी मात्र ती अर्धीच उपयोगी पडते. त्यात लिलावगृहाची चूक थोडी, शिल्प या प्रकाराचीच अडचण जास्त.

हुसेन-रझांची चित्रं सतत लिलावात येतात. काळ आणि आकार पाहिला की जवळपासचा भाव सांगता येतो. दाविएरवालांचं काम क्वचित येतं, आणि आलं तरी एकासारखं दुसरं नसतं. हे मूळचे औषध-रसायनातले, ना. ग. पानसरे यांच्याकडे शिल्पाचे धडे घेतलेले. लाकूड आणि दगडापासून वेल्डिंग केलेल्या धातूपर्यंत त्यांनी सगळं हाताळलं. लाकडी कामाला आलेला भाव लोखंडी कामाला लावून उपयोग नाही. म्हणून अंदाज हाती आला की आधी विचारा: कोणत्या विक्रीवरून काढला, कोणत्या वर्षीची, माध्यम कोणतं? उत्तर गुळमुळीत आलं, तर तो आकडा अंधारात मारलेला दगड समजा.

फोटोंवर सगळं अवलंबून असतं, आणि लोक तिथेच कंजुषी करतात. समोरचा एक फोटो पाठवून भागत नाही. चारी बाजू, वरून, तळ, सही, आणि सांध्यांचे जवळून, असे आठ-दहा हवेत. सांध्याचा फोटो काढताना मोबाइलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. पृष्ठभागावरचे उंचवटे उठून दिसतात. काळपट जुन्या लोखंडात एखादाच वेल्ड चकचकीत रुपेरी दिसला, तर ती नंतरची दुरुस्ती असण्याची शक्यता दाट. तळाला नवे नट-बोल्ट असतील तर बेस बदललाय का, हे तपासायला हवं. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाका. माल पाहायला माणूस आल्यावर उघड झाल्या की अंदाजही उतरतो आणि तुमचा शब्दही.

मोजमाप दोनदा द्या, बेससकट आणि बेसशिवाय. अठरा इंची शिल्प सहा इंची ठोकळ्यावर बसवून 'चोवीस इंच' लिहिलं की तुलनाच चुकते. वजन लिहा. साधं चुंबक लावून पाहा: ब्राँझ आणि अॅल्युमिनियमला चिकटत नाही, लोखंडाला चिकटतं. 'ब्राँझ' म्हणून आलेली वस्तू रंगवलेलं लोखंड निघणं अजिबात दुर्मीळ नाही.

आणि कृपा करून ब्रासो मारू नका! ब्राँझवरचा पॅटिना, म्हणजे पृष्ठभागावरचा रंगाचा थर, एकदा घासून गेला की मूळचा परत येत नाही, आणि भाव पडतो. मुंबईच्या हवेत लोखंडाला गंज धरतोच. त्यावर घरच्या घरी रेड ऑक्साइड फासण्यापेक्षा गंज तसाच दाखवणं बरं. तळाला जुनं लेबल चिकटलेलं असेल तर नखही लावू नका. जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनाचा कॅटलॉग, १९६३ साली सुरू झालेल्या गॅलरी केमोल्डची पावती, असा एखादा कागद सहीइतकाच वजनदार ठरतो. ओतीव काम असेल तर प्रतींची संख्या आणि ओतल्याचं वर्ष लागतं; शिल्पकाराच्या निधनानंतर ओतलेली प्रत सहसा बरीच स्वस्त जाते.

आता पैशाचं. समजा अंदाज १० ते १५ लाख आला आणि हातोडा १२ लाखांवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी. बोलीवर लिलावगृह खरेदीदाराकडून जास्तीचे घेतं तो प्रीमियम २० टक्के धरला तर त्याला १४ लाख ४० हजार पडले, जीएसटी वेगळा. विक्रेत्याचं कमिशन १० टक्के ठरलं असेल तर तुमच्या हातात १० लाख ८० हजार. त्यातून विमा, फोटो, वाहतूक कापली जाऊ शकते. जुने निकाल बघताना आकडा प्रीमियमसह आहे की नुसता हातोड्याचा, हे न पाहता हिशेब केला की इथेच तीन लाख ६० हजारांची फसगत. कमिशनवर घासाघीस होते, जरूर करा. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, बहुधा खालच्या अंदाजाच्या वर ठेवू देत नाहीत. खालचा आकडा मुद्दाम मोहक ठेवलेला असतो, पण हट्टाने चढवून घेतला आणि शिल्प विकलं गेलं नाही, तर तो डाग पुढची काही वर्षं पुसत नाही.

एक कलम बरेच जण विसरतात. कॉपीराइट कायद्याच्या ५३अ प्रमाणे दहा हजारांवरच्या पुनर्विक्रीत शिल्पकाराच्या वारसांना वाटा मागता येतो, कमाल १० टक्के. कॉपीराइट मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे दाविएरवालांबाबत २०३५ अखेरपर्यंत, पोचखानवालांबाबत २०४६ अखेरपर्यंत. करारात हा भार कोणावर टाकलाय ते वाचा.

विम्यासाठी किंवा भावंडांच्या वाटणीसाठी हा फुकटचा आकडा वापरू नका. तो विक्रीला बोलावणारा आकडा आहे. विम्याला तसंच काम बाजारातून पुन्हा घ्यायची किंमत लागते. तिथे स्वतंत्र मूल्यांककाकडून फी देऊन लेखी अहवाल घ्या. फी टक्केवारीवर मागणाऱ्याकडे जाऊ नका, त्याला आकडा फुगवण्यात रस असतो.

सेवेला पाचपैकी साडेतीन. शिल्प हलवायची वेळ आली तर बेस सुटा करता येतो का ते आधी पाहा, आणि उचलताना बाहेर आलेल्या पात्याला कधीच धरू नका. वेल्ड तिथेच सुटतो.