बोटात मोकुमे-गाने, कानात शाकुदो

जपानी धाटणीचा दागिना करून घ्यायचा म्हटलं, की अमेरिका-युरोपातल्या कारागिरांकडे हे दोन प्रकार हमखास समोर येतात. मोकुमे-गाने म्हणजे वेगवेगळ्या धातूंचे पत्रे एकावर एक रचून, तापवून-दाबून एकजीव करायचे आणि मग कोरून, ठोकून लाकडाच्या रेषांसारखी नक्षी बाहेर काढायची. शाकुदो म्हणजे तांब्यात सुमारे 4 टक्के सोनं. खास द्रावणात उकळलं की त्यावर जांभळट काळा रंग चढतो आणि त्यात बसवलेली सोन्याची बारीक तार रात्रीच्या दिव्यासारखी उठून दिसते.

दोन्ही कला तलवारीच्या साजावर वाढल्या. मोकुमे-गानेचं श्रेय जपानमधल्या अकिताच्या शोआमी देन्बेई या कारागिराला (1651–1728) देतात. 1876 मध्ये जपान सरकारनं चारचौघांत तलवार लावून फिरायला बंदी घातली, तेव्हा कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या घडवू लागले. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या टिफनी या दागिने-चांदीकामाच्या पेढीत एडवर्ड मूर चांदीवर तांबं आणि जपानी मिश्रधातू बसवत होता. 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात या कामानं मोठं पारितोषिक मिळवलं. इंग्लंडचे चांदीकार मात्र बघत राहिले. तिथला हॉलमार्कचा कायदा चांदीला तांबं जोडू देत नव्हता!

रोज बोटात राहणार असेल तर शाकुदो घेऊ नका. त्याचा काळा रंग फक्त वरच्या पापुद्र्यात असतो. बोटावरची अंगठी भांड्यांना, दाराच्या कडीला, गाडीच्या स्टिअरिंगला घासत राहते आणि कडेनं तांबं डोकावू लागतं. चिंच-मीठ लावून चकचकीत करायला गेलात तर रंग गेलाच म्हणून समजा. तो पुन्हा चढवता येतो, पण गल्लीतल्या सोनाराकडे नाही. कानातलं, पदक किंवा ब्रोच असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मी डोळे मिटून शाकुदोच निवडेन.

मोकुमे-गानेची नक्षी धातूच्या थरांतच असल्यामुळे नुसत्या घासण्यानं पुसली जात नाही. तरी ‘थर कशाकशाचे?’ हे आधी विचारा. तांबं असलं तर बोट हिरवं पडू शकतं. पांढऱ्या सोन्याला खेटून चांदी असली तर घामानं चांदीचा थर हळूहळू खाल्ला जातो. पिवळं-लाल सोनं आणि पॅलेडियम (प्लॅटिनमसारखा पांढरा धातू) ही जोडी मला भरवशाची वाटते. आतून सोन्याचं अस्तर करून मिळालं तर उत्तमच. माप मात्र काटेकोर द्या. पुढे कापून डाख लावायची वेळ आली तर नक्षीची रेघ तुटते आणि फार ताव लागला तर थर सुटायची भीती असते.

मोडीचा हिशोब करून सोनं घेणाऱ्यांनी दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. मिश्रधातूतलं सोनं वेगळं काढायला कोणताही सोनार घट धरणारच, आणि मजुरीचे पैसे तर तुम्ही आधीच मोजलेले असतात.